एक जुलैची माणसं

बगदादच्या दक्षिणेला, आमच्या अबू अल-खसीब गावात ओढ्याकाठचा सत्तरी ओलांडलेला कुठलाही माणूस घ्या, त्याचा वाढदिवस एक जुलैला असतो. माझा आहे, मिझबानचा आहे, खय्यूनचा आहे, मशिदीत अजान देणाऱ्याचा आहे, आणि तो ज्याच्याशी कित्येक वर्षं बोलत नाही त्याचाही आहे. सत्तावन्न सालच्या जनगणनेला कारकून आला तेव्हा आमच्या आयांना आमचे जन्म चांगले आठवत होते. कोणी पूर ओसरल्यावर जन्मलेला, कोणी खजुराचे घड उतरवायच्या आधी, कोणी म्हैस व्यायली त्या आठवड्यात. कारकुनाच्या कागदावर म्हशीसाठी रकाना नव्हता. त्याने सगळ्यांना एक जुलै देऊन टाकला. वर्ष ठरवायला त्याने आम्हा पोरांना समोर उभं केलं, आणि जी त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लागली ती सगळी एकावन्न सालची झाली. पट्टा जरा खालीच बांधायचा तो, असं माझी आई म्हणायची.

एवढी मुलं एकाच दिवशी जन्मली तर सुईणीचं काय झालं असेल, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. तारीख फुकट मिळाली होती.

गेल्या साली खजूर उतरवून झाल्यावर आमच्या धक्क्याला एक पांढरी बोट लागली. कुठल्याशा धर्मादाय संस्थेने जुनी प्रवासी बोट रंगवून तिच्यात डोळ्यांचा दवाखाना थाटला होता. डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा, भिंग बसवायचं, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. रोज वीस माणसं. बोट महिनाभर राहणार आणि मग नदीच्या वरच्या अंगाला निघून जाणार. भरतीच्या वेळी ती धक्क्यापेक्षा उंच व्हायची, ओहोटीला खाली बसायची, आणि दुपारच्या धुरकट उन्हात तिची कड कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते चांगल्या डोळ्यांनाही कळत नसे. ज्यांच्यासाठी आली होती त्यांच्या डोळ्यांना तर ती मुळीच दिसत नव्हती. ते हात पुढे करून तिच्याकडे जात.

त्या बोटीवर कोणाला कधी बोलवायचं हे माझ्या बहिणीची मुलगी तबारक बघायची. हुशार मुलगी. आपण खालूपेक्षा, म्हणजे मामापेक्षा, हुशार आहोत हे खालूच्या तोंडावर न सांगण्याइतकी हुशार.

"सगळी नावं बगदादच्या यंत्रात आहेत," ती मला समजावत होती. आम्ही धक्क्यावरच्या चहावाल्याकडे नूमीचा, म्हणजे वाळवलेल्या लिंबाचा, चहा पीत बसलो होतो आणि तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. "यंत्र सगळी एकदम देत नाही. तिथे एक खिडकी आहे असं समज, खालू. एपीआय म्हणतात तिला. पलीकडे कारकून बसलाय. त्याला माणूस दिसत नाही, तो फक्त प्रश्न ऐकतो आणि उत्तर सरकवतो."

"चहा घेतो?"

"नाही."

"मग कसला कारकून."

"ऐक तरी. मी त्याला तीन गोष्टी सांगते. आधी चाळण. सत्तर पूर्ण झालेले, मोतीबिंदूवाले, बाकीचे नकोत. मग क्रम. वयाने थोरला तो आधी. मग पान. वीस नावांचं एक पान, त्यातलं आज पहिलं दे. पान आलं की वीस जणांना मेसेज जातो, उद्या या म्हणून. दुसऱ्या संध्याकाळी दुसरं पान मागायचं, तिसऱ्या संध्याकाळी तिसरं."

मला ते आवडलं. थोरला आधी, यात मला तरी काही खोट दिसली नाही. पहिली काही पानं खऱ्या म्हाताऱ्यांची झाली, मग आमचं एकावन्न साल सुरू झालं आणि ते संपेचना. माझी पाळी त्यात लवकर आली. उजवा डोळा झाला. पट्टी सुटल्यावर पहिली गोष्ट दिसली ती माझ्या बायकोने इतकी वर्षं हिरवी म्हणून सांगितलेली चादर. ती निळी होती. मी विषय काढला नाही.

मिझबानला मात्र बोलावणं येत नव्हतं.

मिझबान कबुतरं पाळतो. त्याच्या बापाने पाळली, काकाने पाळली. गच्चीवर खुराडी, खाली बायको, आणि आयुष्याचा जास्त भाग वरच्या मजल्यावर. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून आता मोत्यासारखेच दिसत होते. तरी तो रोज दुपार कलली की दार उघडून थवा सोडायचा. मी त्याच्याजवळ बसलो की मलाही एक प्रकारची गुंगी यायची. पंखांचा तो आवाज, कोणी कापड झटकावं तसा, आधी जवळ, मग लांब, मग नुसती हवा. मिझबान तोंड वर करून बसायचा. चेहऱ्यावर ऊन.

"काय दिसतं रे तुला?" मी एकदा विचारलं.

"दूध," तो म्हणाला. "वर दूध, खाली दूध. पाखरं दुधात सोडतो आणि दुधातून परत येतात."

सगळीच परत येत नव्हती. चुकून दुसऱ्याच्या गच्चीवर उतरलेलं कबूतर त्या गच्चीवाल्याचं, मागायला जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आणि ओढ्यापलीकडच्या गच्चीवर खय्यून होता. खय्यूनही कबुतरवाला. त्याच्या एका डोळ्यावर पडदा आलेला, पण दुसरा ससाण्याचा. तो आपली मादी हातात धरून फडफडवायचा, मिझबानच्या थव्यातला एखादा तरुण नर भुलून खाली यायचा, आणि संध्याकाळी खय्यून ओढ्यापलीकडून मिझबानला मुलाच्या नावाने हाक मारायचा, "अबू जासिम, आज पाहुणा आला आमच्याकडे. लाल गळ्याचा. जेवूनच जाईन म्हणतोय."

"खाऊ घाल," मिझबान म्हणायचा. पण खुराड्याचं दार लावताना त्याचा हात चाचपडायचा. जासिमने, त्याच्या मुलाने, स्पष्ट सांगितलं होतं. बोट गेली आणि डोळे नाही झाले, तर खुराडी विकायची. आंधळ्या माणसाने कठडा नसलेल्या गच्चीवर फिरायचं नाही. मुलगा वाईट नव्हता. बरोबर बोलत होता, आणि तेच वाईट होतं.

आता गंमत अशी, की मिझबान म्हणत होता, त्याचं नाव यादीत आहे. सुनेने फोनवर वाचून दाखवलं होतं. "आठव्या पानावर. वर सबरी, खाली जब्बार. मी ऐकलंय." मग आठव्या पानाचा दिवस आला, सबरी गेला, जब्बार गेला, मिझबान घरी. सुनेने पुन्हा फोन उघडला तर आठव्या पानावर तो नाहीच.

चहाच्या दुकानात त्याने हे सांगितलं तेव्हा कोणी हसायचेही कष्ट घेतले नाहीत. कबुतरवाल्याची साक्ष आमच्याकडे कोर्टही धरत नाही, असं म्हणतात. जो माणूस रोज संध्याकाळी "उडून गेलेला माझाच होता" अशी शपथ घेतो, त्याच्या शपथेला काय किंमत.

मी त्याला तबारककडे घेऊन गेलो. तिने अम्मू, म्हणजे काका, म्हणत आदराने खुर्ची दिली आणि आमच्यासमोर सगळी पानं, एकेक करून, चाळली. बराच वेळ लागला. बोट हळूहळू वर येत होती, भरती असावी.

"नाही अम्मू," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. एकूण आकडाही जुळतो. जितकी माणसं यंत्र सांगतंय तितकीच नावं मला मिळालीत. तुम्ही त्यात नाही."

"मी आठव्या पानावर होतो."

"यंत्र खोटं बोलत नाही, अम्मू."

"आणि मी बोलतो?"

तबारकने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. "तुम्ही कबुतरं उडवता, अम्मू," ती हळूच म्हणाली.

परत येताना मिझबान माझा दंड धरून चालत होता. म्हणाला, "अबू सफा, समजा माणूस यादीत आहे आणि कुठल्याच पानावर नाही. मग तो राहतो कुठे?"

उत्तर खय्यूनने आणलं, तेही मिरवत.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. तो चहाच्या दुकानात आला, फोन टेबलावर आपटून म्हणाला, "सरकारने मला पुन्हा बोलावलंय."

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

"मागे बोलावलं होतं की. तेव्हा झुबैरच्या बाजारात पाखरांचा लिलाव होता. डोळ्यासाठी लिलाव सोडू? गेलो नाही. म्हटलं, गरज असेल तर येतील परत. आले. येत्या गुरुवारच्या पानावर नाव दिसतंय. सरकारला थोडं तिष्ठत ठेवावं लागतं, हज्जी."

"मला पण दोनदा बोलावलं," कोपऱ्यातून सबरी म्हणाला. "मी दोन्ही वेळा गेलो. दोन्ही डोळे केले. एवढ्या प्रेमाने बोलावतात, नाही कसं म्हणायचं."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. तबारकला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग हसणं जिथे होतं तिथेच राहिलं आणि डोळे पडद्याकडे गेले.

"खय्यूनना मीच मेसेज पाठवला होता. सातव्या पानावर होते. आता शेवटच्या पानावर आहेत." तिने पानं मागे-पुढे केली. "खालू, तुमच्यात एकावन्नचे किती?"

"सगळे."

"आणि तारीख?"

"सगळ्यांची एकच. तुझी आई प्रत्येक एक जुलैला अख्ख्या गल्लीला मुबारक म्हणत फिरते, तुला माहीत नाही?"

तिने कपाळाला हात लावला. "मी सांगते, थोरला आधी. पण त्या कारकुनाला तुमच्यात कोणीच थोरला नाही. मग तो हाताला येतील तसे देतो. आणि मी रोज संध्याकाळी विचारते, म्हणजे तो रोज नव्याने पत्ते पिसतो. कालच्या पिसलेल्या गड्डीतलं सातवं पान, आजच्या गड्डीतलं आठवं. जो काल सातव्यावर होता तो आज आठव्यावर आला, तर दोनदा. जो काल आठव्यावर होता तो आज सातव्यावर गेला..."

"तर तो गेलाच."

"सातवं पान मी परत कशाला मागेन? आणि बेरीज जुळतच राहते. एक दोनदा आला, एक आलाच नाही. चाळून पाहिलं तेव्हाही तेच. एका पानावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत यांनी जागा बदलल्या."

"ज्याने हे यंत्र बांधलं त्याला एक जुलै माहीत नाही?"

"तो पंचवीस वर्षांचा असेल, खालू. त्याचा वाढदिवस खरा असेल."

त्या दुपारी मला झोप लागली आणि झोपेत मी त्या खिडकीच्या पलीकडे होतो. एक लांब पडवी होती, वेताची, आणि तिच्यात खोल्याच खोल्या. प्रत्येक खोलीत चटईवर वीस म्हातारे बसलेले, सगळ्यांचा चेहरा नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखा. मी एका खोलीत सलाम करायचो, पुढच्या खोलीत जायचो, आणि मागे पायांचा मऊ आवाज व्हायचा. वळून पाहिलं तर सगळे आपापल्या जागी, फक्त माणसं वेगळी. पडवीत मिझबान चालत होता. मी खोलीत शिरलो की तो बाहेर यायचा, मी बाहेर आलो की तो आत जायचा. घाई नव्हती त्याला. काखेत एक कबूतर होतं. मी म्हटलं, "अरे, एका जागी बस." तो म्हणाला, "मला जागा सांग, मी बसतो." जाग आली तेव्हा उशी ओली होती. उकाडा फार होता.

जागा तबारकने शोधली.

"थोरला आधी, एवढं पुरत नाही," ती म्हणाली. "त्यानंतर आणखी एक क्रम सांगायचा. असं काहीतरी, जे कुठल्याही दोघांचं सारखं नसतं."

"नाव?"

"तुमच्यात जब्बारच किती आहेत."

"चेहरा?"

"नोंदणीचा क्रमांक, खालू. तो प्रत्येकाचा वेगळा."

तिने खिडकीला नव्याने विचारलं. चाळण: ज्यांचा एकही डोळा झालेला नाही ते. क्रम: जन्मतारीख, मग क्रमांक. आणि पान. या वेळी माणसं हलली नाहीत. पुन्हा विचारलं तरी तीच, तिथेच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तशीच बसून. मला क्षणभर वाईटही वाटलं, पडवीतले पायांचे आवाज थांबले म्हणून.

दोन पानं भरली. बोटीचे दोनच दिवस उरले होते, बुधवार आणि गुरुवार. दुसऱ्या पानाच्या तळाशी शेवटचं नाव खय्यून. आणि मग तिसरं पान. तिसऱ्या पानावर एकच नाव.

मिझबान शेवटचा का, हे मला माहीत होतं. कारकून आला त्या दिवशी आम्ही सगळे रांगेत असताना हा काकाच्या गच्चीवर पाखरं बघत बसला होता. कारकून होडीत पाय टाकतोय तेव्हा याची आई याला कानाला धरून घेऊन आली. सगळ्यात शेवटचा क्रमांक.

तबारक डॉक्टरांकडे गेली. आणखी एकच, म्हणाली. डॉक्टरांनी तिला पेटी उघडून दाखवली. भिंगं दोन दिवसांपुरतीच होती, आणि गुरुवारी संध्याकाळच्या भरतीबरोबर बोट सुटणार होती. ती तिथून सरळ मिझबानच्या गच्चीवर आली. मी होतोच.

"अम्मू, तुम्ही यादीत आहात," ती म्हणाली. "पहिल्यापासून होतात. माझी चूक झाली."

"मी म्हणत होतो."

"हो. पण तिसऱ्या पानावर आहात. आणि दिवस दोन पानांचेच आहेत."

वर कुठेतरी थवा वळला, त्याचा आवाज आमच्यावरून गेला.

"त्या पानावर आणखी कोण?"

"कोणी नाही. तुम्ही एकटेच."

"अख्खं पान?"

"हो."

"मोठं असतं?"

"वीस माणसांचं."

"मग मी त्यात कुठे आहे?"

"सगळ्यात वर," तबारक म्हणाली. "पहिले."

"पहिला," मिझबान म्हणाला, आणि वर तोंड करून बसला.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, मला धक्क्यावर ने, नुसता बसेन. मी नेलं. बोटीच्या फळीपाशी दुसऱ्या पानाचे वीस जण उभे होते आणि कोणी आत जात नव्हतं. आमच्याकडे दारातून थोरल्याने आधी जायचं असतं, आणि इथे थोरला कोण तेच ठरत नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे, हज्जी, तुम्ही मोठे."

"तौबा. तुम्ही मोठे. मी पुरानंतरचा."

"कुठल्या पुरानंतरचे?"

"मला काय माहीत, मी जन्मलो नव्हतो."

बगदादची नर्स फळीवर उभी राहून कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिने हातातला कागद वाचून एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात केली, आणि माणसं सुटल्यासारखी आत गेली. ऊन वर आलं. दुपार झाली. नदी चकचकीत होत होत पांढरी झाली. बाकावर मी, मिझबान, आणि पलीकडे खय्यून उरला.

"बरं झालं आलास," खय्यून मिझबानला म्हणाला. "काल तुझी दोन आली माझ्याकडे."

"ठेव."

"ठेवली. कशाला ठेवली ते माझं मलाच कळत नाही. तू वर बघतोस, दिसत काही नाही, शीळ घालतोस ती उशिरा. तुझी पाखरं येतात माझ्याकडे, मी नुसता हात पुढे करतो. अबू जासिम, मी आयुष्यभर तुझ्याकडून पाखरं जिंकली. हे जिंकणं नाही. हे अंडी गोळा करणं आहे."

"मग नको करूस."

"मग करू काय? आणि जासिम खुराडी विकतोय म्हणे. ओढ्यापलीकडे मग कोणाशी भांडू? या अबू सफाशी? याला कावळा आणि कबूतर यातला फरक कळत नाही."

"आता कळतो," मी म्हणालो. "उजव्या डोळ्याने."

नर्सने पुकारलं, "खय्यून."

खय्यूनने मिझबानच्या कोपराला धरून त्याला उभं केलं. "जा."

"मला कोणी बोलावलं नाही."

"मी बोलावतोय. फळी अरुंद आहे, सरळ चाल. आणि डॉक्टरला सांग, लांबचं दिसेल असं भिंग बसव. जवळचं बघण्यासारखं घरी काही नाही तुझ्या."

मिझबान उभा होता. त्याचा हात खय्यूनच्या बाहीवर होता, आणि तो हात काहीतरी शोधत होता. मग नर्सने त्याला धरलं आणि तो फळीवरून आत गेला. एकदाही अडखळला नाही.

तबारक लॅपटॉप छातीशी धरून खाली आली. तिचा चेहरा उतरला होता. "अम्मू खय्यून, तुमच्या जागी त्यांना घेतलं, ते मी लिहीन. पण तुमचं काय लिहू? तुम्हाला बोलावलं होतं आणि डोळा झाला नाही. यंत्र कारण विचारतंय. तीनच कारणं देतंय."

"कुठली?"

"निधन."

"पुढचं सांग."

"नकार. पण नकार लिहिला की चाळणीतून कायमचे गळाल. पुढे बोट आली तरी नाव येणार नाही."

"आणि तिसरं?"

"गैरहजर. मग नाव राहतं. पुढच्या वेळी पहिल्या पानावर."

"गैरहजर लिही."

"तुम्ही समोर बसलाय, अम्मू," तबारक म्हणाली. एवढ्या दिवसांनी त्या यादीचा क्रम बरोबर लावला होता तिने, आणि आता पुन्हा खोटं लिहायला तिची बोटं तयार नव्हती. "मी कसं लिहू?"

खय्यूनने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि उठला. सदरा झटकला. "थांब जरा," म्हणाला. "मी जातो, मग लिही."

तो धक्क्यावरून निघाला, खजुरांच्या बाजूने, न वळता. मी उजव्या डोळ्याने बघत राहिलो. लांब गेला तेव्हा डाव्यानेही बघून पाहिलं. त्यात तो आधीच दुधात मिसळला होता. उजव्यात अजून थोडा होता. तबारक लॅपटॉपच्या कळीवर बोट ठेवून वाट बघत उभी होती.

"गेले?" तिने विचारलं.

"अजून थोडा आहे," मी म्हणालो. "आता लिही."